रुगाकी

जपानी शिरितोरीत बँकवाल्याला थारा नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. शिरितोरी म्हणजे त्यांच्या शब्दांच्या भेंड्या. 'शिरि' म्हणजे बूड, 'तोरी' म्हणजे पकडणं. आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर पकडून पुढचं नाम सांगायचं. 'न्'ने शब्द संपवला की तुम्ही हरलात, कारण 'न्'ने सुरू होणारा शब्द त्या भाषेत मिळतच नाही. आपण 'ळ' आला की 'ल' चालवून घेतो. तिथे असली सवलत नाही.

आता बघा, ठेव म्हणजे 'योकिन', रोकड 'गेंकिन', कर्ज 'शाक्किन', त्यांचा येन 'एन'. आणि बँकेतला नोकर? 'गिंकोइन'! पुण्यातल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात (या वयात जपानी कशाला, हे बायकोही विचारते) पहिल्याच दिवशी मी छाती फुगवून स्वतःचा हुद्दा सांगितला आणि बाद झालो. व्याज तेवढं तरतं, 'रिशी'. पण पोरांनी पुढे कडक नियम काढले: शब्द निदान तीन अक्षरी हवा, आणि अर्थ सांगायलाच हवा. जपानी लिपीत 'रिशी' दोनच अक्षरांचा. व्याजही बुडालं.

कडक नियमांत मुरलेला एक कॉलेजकुमार मला गाठून सारखा 'रु' द्यायचा. 'होतेरु' म्हणजे हॉटेल, 'ताओरु' म्हणजे टॉवेल, 'काएरु' म्हणजे बेडूक. 'रु'ने सुरू होणारे शब्द मुळात थोडे, आणि मला येत होता तो 'रुसु' दोन अक्षरी. शेवटी मी ठोकून दिलं, "रुगाकी!" अर्थ? "उशीचा अभ्रा." कुणी हूं की चूं केलं नाही. पुढचा 'कित्ते' म्हणाला, म्हणजे पोस्टाचं तिकीट, आणि खेळ पुढे गेला.

तीन पत्तीत आपण थाप मारतोच की! पण तिथे समोरचा थाप गृहीत धरूनच बसलेला असतो. इथे सगळे शिकाऊ. काका सांगतात म्हणजे असेल, एवढाच त्यांचा आधार. आणि अर्थाची सक्ती नसती, तर माझा शब्द हवेत विरला तरी असता. अर्थ जोडल्यामुळे ती छापील खोटी नोट झाली. खोट्या नोटेचं आम्हाला काउंटरवर ठाऊक असतं: ती घेऊन येणारा बहुधा निर्दोषच असतो.

शेजारच्या बाकावरच्या मुलीने 'रुगाकी' वहीत उतरवून घेतला. ती वृद्धांची सेवा करण्याच्या नोकरीसाठी जपानला निघाली होती. कुणा आजोबांच्या उशाशी उभी राहून ती रुगाकी मागणार!

आठ दिवस झोप नाही. शेवटी तिला म्हटलं, "अगं, तो शब्द खोड. मी बनवला होता. 'माकुरा काबा' लिही."

तिने मुकाट्याने खोडला. मग वहीची मागची पानं चाळत विचारलं, "आणि काका, 'गेंकिन' म्हणजे रोकड, हे तरी खरं ना?"