रिकामी सतरंजी
१९३९ सालीं परचुरे शास्त्री सेवाग्रामास आले. संस्कृताचे पंडित, परंतु अंगीं महारोग. गांधीजींनीं त्यांस आश्रमांत ठेवून घेतलें व ते स्वहस्तें त्यांचें अंग चोळीत. वर्ध्याजवळच दत्तपुरास मनोहर दिवाण १९३६ पासून अशाच रोग्यांच्या सेवेस लागले होते.

मत्तयाच्या आठव्या अध्यायांत प्रभु महारोग्यास आधीं हात लावितो, मग तो शुद्ध होतो. हा क्रम आम्ही शब्बाथ शाळेंत मुलांकडून पाठ करून घेतों. ज्ञान तेवढें आहे. आतां तर औषधानें हा रोग पुरता बरा होतो. तरी बऱ्या झालेल्या भावाशेजारची सतरंजी उपासनेंत रिकामीच! येत्या रविवारीं तिच्यावर प्रथम कोण बसणार? पाळकांनीं, कीं आम्हीं पंचांनीं बसावें?