ज्याची गोळी, त्याची सुरी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा मोसम उघडतो आणि बंदुकीने शिकार करायला नऊ दिवस मिळतात. उत्तरेकडच्या जंगलात एका कुटुंबाचं लाकडी घर होतं. त्या नऊ दिवसांत तिथे सासरे, त्यांचे दोन मुलगे, सासऱ्यांचे थोरले भाऊ आणि मिलवॉकीहून येणारा जावई असे पाच जण जमायचे. थोरल्या भावांना सगळेच काका म्हणत.

जावई नेमबाज होता. शंभर यार्डांवरून कागदी निशाणावर त्याच्या तीन गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसत. बंदूक महागाची, तिच्यावरची दुर्बीण त्याहून महागाची. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्या राज्यात प्रशिक्षणाशिवाय सहसा शिकारीचा परवाना मिळत नाही. त्या प्रशिक्षणाच्या परीक्षेतही जावई पहिल्याच खेपेला पास झाला होता. एकच काम तो टाळायचा, मारलेल्या हरणाचं पोट साफ करायचं.

हे काम हरीण पडलं की तिथेच, रानात उरकावं लागतं. जीव गेला तरी अंग आतून बराच वेळ गरम राहतं, कोठ्यातलं अन्न आंबतं, पोट फुगतं आणि मांस नासायला लागतं. खाटीक कितीही चांगला असला तरी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर थांबता येत नाही. कोथळा आधी बाहेर काढायचा, मग हरीण हलवायचं.

"ज्याचं काम त्याने करावं," जावई म्हणायचा. "मी सुरी धरली तर मूत्राशय फोडेन आणि चांगलं मांस वाया घालवीन. काकांचा हात बसलेला आहे. त्यांनी करण्यातच सगळ्यांचं भलं."

बोलणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. नवख्या हाताने मांस खरंच खराब होतं. शिवाय जावयाला नाही कसं म्हणायचं, आणि तो दरवर्षी काकांसाठी ब्रँडीची बाटलीही न चुकता आणायचा. हरीण पडलं की तो शिंगं धरून फोटो काढून घ्यायचा आणि घरी शेकोटीपाशी जाऊन बसायचा. काका रबरी हातमोजे चढवायचे. २००२ साली राज्यातल्या हरणांमध्ये मेंदू पोखरणारा रोग सापडला, तेव्हापासून त्या घरात उघड्या हाताने कुणी सुरी धरत नसे. दुपारपर्यंत धुऊन पुसून स्वच्छ केलेलं हरीण अंगणातल्या झाडाला टांगलेलं असायचं.

"काय गोळी बसली होती!" जावई त्याच्याकडे बघून म्हणायचा. काका हात पुसत हसायचे. बोलायचे काही नाहीत.

एके वर्षी मोसमाच्या तोंडावर काका शिडीवरून पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. शिकार नाही तर नाही, निदान मंडळींच्या जेवणाचं बघू, म्हणून ते तसेच आले.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या बेताला जावयाला कापणी झालेल्या मक्याच्या शेतापलीकडे एक नर दिसला. अंतर अडीचशे यार्डांच्या वर, वारा आडवा. त्याने गोळी झाडली. हरीण झाडीत शिरलं.

"गेलं कसं?" घरी आल्यावर काकांनी विचारलं.

"पळालं नाही. पाठीला पोक काढून, शेपटी पाडून चालत गेलं. लागलीय नक्की."

काकांचा चेहरा उतरला. "पोटात लागलीय. आता कुणी मागे जाऊ नका. हुसकलंत तर कुठल्या कुठे निघून जाईल आणि हाती लागणार नाही. पडून राहू दे त्याला. उजाडल्यावर बघू."

जागचं न हलता काकांनी हे कसं ओळखलं, ते जावयाला कळेना. रात्री थंडी शून्याखाली गेली. लांबून कायोटी ओरडत होते. एक ओरड थांबली की दुसरी कधी येते, याची वाट बघत तो पडून राहिला.

सकाळी सगळे निघाले. रक्त फारसं नव्हतं. पानांवर अधूनमधून डाग आणि त्यांत हिरवट तपकिरी चोथा. सीडरच्या दलदलीच्या कडेला हरीण सापडलं. शेवटपर्यंत त्याने दोनदा जागा बदललेली दिसत होती.

काका एका ओंडक्यावर टेकले. "घे सुरी."

"मी?"

दोन्ही मेहुणे पुढे झाले. काकांनी डावा हात आडवा घातला. "ज्याची गोळी, त्याची सुरी. मी सांगतो तसं कर. धार वरच्या बाजूला, पातं दोन बोटांच्या मध्ये. फक्त कातडी उचलून कापत जा. टोक आत जाऊ देऊ नकोस, कोठा फुटेल."

कोठा आधीच फुटला होता. पहिल्या चार बोटांच्या चिरेतूनच वास आला आणि जावयाने तोंड फिरवलं. काका काही बोलले नाहीत. त्याने पुन्हा सुरी लावली. अर्धवट पचलेला मका आणि ओकची बोंडं पोटभर पसरली होती. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कापून त्याने कोपरापर्यंत हात आत घातला, श्वासनलिका तोडली आणि सगळा पसारा ओढून बाहेर काढला. हृदय, दोन्ही फुप्फुसं जशीच्या तशी होती. गोळी तिथवर पोचलीच नव्हती. पाठीच्या कण्याला आतून दोन मऊ पट्ट्या चिकटलेल्या असतात. पहिल्या रात्री तव्यात लोणी पडतं ते त्यांच्यासाठी. त्या हिरव्या पडून बुळबुळीत झाल्या होत्या.

जावयाने खांद्यामागची जागा आणि गोळीचं भोक यांच्यात बोटं पसरून पाहिली. दीड वीत.

"वारा होता," तो म्हणाला.

"वारा होता, अंतर होतं आणि हरीण पाऊल टाकत होतं. कागद पाऊल टाकत नाही."

जावई बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "मागच्या वर्षीचं?"

"तेही पोटातच. कण्याला घासून गेली म्हणून जागीच पडलं. तुला वाटलं, नेम अचूक."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"एक अख्खा खांदा फेकून दिला मी."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगायला हवं होतं," काका म्हणाले. "तू फोटो काढून घरी जायचास, मी मागे राहून तुझी चूक धुऊन टाकायचो. मला वाटायचं, मी जावयाचा मान राखतोय. तू मात्र दर वर्षी अंतर वाढवत गेलास. या हरणाची रात्र जेवढी तुझ्यामुळे अशी गेली, तेवढीच माझ्यामुळे."

खराब झालेलं सगळं कापून टाकण्यात जावयाची सकाळ गेली. जे वाचलं ते त्यानेच ओढत रस्त्यापर्यंत आणलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची मुदत संपायच्या आत नोंदवलं.

पुढच्या मोसमात त्याने लांबची हरणं समोरून जाऊ दिली. शेवटी सत्तर यार्डांवर एक नर आडवा उभा राहिला, तेव्हा त्याने गोळी घातली. साफसफाई त्याने स्वतः केली. वेळ दुप्पट लागला, पण मूत्राशय फुटलं नाही.

काकांचं प्लास्टर निघालं होतं, तरी मूठ पूर्वीसारखी वळत नव्हती. बंदूक ते कशीबशी पेलत, सुरी मात्र हातातून निसटायची. चौथ्या दिवशी त्यांनी साठ यार्डांवरून एक मादी मारली. ती बरीच लांब जाऊन पडली.

"तुम्ही घरी जाऊन बसा, काका," जावई म्हणाला. "मी करतो."

काका हलले नाहीत. गुडघे टेकून त्यांनी डाव्या हाताने मागचा पाय धरून ठेवला. जावयाने पोट उघडलं. फुप्फुसं शाबूत होती, गोळी कलेजीच्या मागच्या कडेतून गेली होती. पाण्याची बाटली शेजारीच होती. कलेजी पानांखाली सरकवून आत पाणी ओतलं असतं, तर काकांना काही कळलं नसतं. साठ यार्डांवर ते आयुष्यात चुकले नव्हते, असं सगळं घर अभिमानाने सांगायचं. जावई क्षणभर अडखळला. मग त्याने कलेजी काढून त्यांच्या समोर धरली.

"गोळी मागे गेलीय, काका. चांगली वीतभर."

काकांनी मान खाली घालून नीट बघितलं, बोटाने भोक चाचपलं. "मला तर खांदा स्वच्छ दिसत होता," ते म्हणाले. उरलेले दिवस त्यांनी बंदूक भरली नाही. मोसम संपल्यावर जावयानेच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, आणि वसंतात त्याचं ऑपरेशन झालं.

तात्पर्य: हात चालत नसेल तर सुरी दुसऱ्याने धरावी, पण आपल्या गोळीने काय केलं ते बघायला आपण हजर असावं. आणि दुसऱ्यासाठी सुरी धरणाऱ्याने त्याची चूक त्याच्या माघारी धुऊन टाकू नये.