भेटीचा पोशाख

बेंगळुरूतल्या एका खासगी विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बेळगावच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बाईंची निवड झाली. पदभार घ्यायला आठवडा उरला असताना जनसंपर्क विभागाने त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल पाठवली. उद्योगपतींच्या बैठकीला गडद ब्लेझर, सरकारी समारंभाला म्हैसूर सिल्क, पालकसभेला हातमागाची साडी, विद्यार्थ्यांच्या महोत्सवाला कुर्ता. कापडाचे नमुनेसुद्धा टाचले होते.

बाईंनी फाइल बारकाईने वाचली. आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुरुष कुलगुरू दोन सूट आलटून पालटून घालतो, कुणी बघतही नाही. बाई अधिकारावर आली की तिच्या भाषणाआधी तिच्या काठापदराची चर्चा होते. हा अन्याय आहे, आणि तो सोसणाऱ्या बाईने कपड्यांचा विचार केला तर तिला उथळ म्हणू नये.

तरी मन लागेना, म्हणून त्या बसवनगुडीत वडिलांच्या जुन्या मित्राकडे गेल्या. काका तरुणपणी बेळगावातून शिकायला आले ते इथलेच झाले. नॅशनल कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "बाळ, एच. नरसिंहय्या हे नाव ऐकलंयस?"

"बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू होते ना?"

"१९७२ ते ७७. त्याआधी आमचे प्राचार्य. खादीचं पांढरं धोतर, जुब्बा, डोक्यावर गांधी टोपी. कुलगुरू झाल्यावर काय घालायला लागले असतील, सांग."

"तेच?"

"तेच. आणि पद सोडल्यावरही तेच. राहायचे कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत, मुलांच्या शेजारी."

मग काका सांगत बसले. गौरीबिदनूरजवळच्या होसूर गावचा हा गरिबाघरचा मुलगा हायस्कूलसाठी बेंगळुरूला आला तो पायी, १९३५ साली. पुढच्याच वर्षी गांधीजी शाळेत आले, तेव्हा त्यांचं हिंदी भाषण कन्नडमध्ये सांगायचं काम याच मुलाकडे आलं. १९४२ च्या चळवळीत तो तुरुंगात गेला, आपल्या पुण्याच्या येरवड्यातही होता. पुढे अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातून अणुकेंद्रीय भौतिकीत डॉक्टरेट घेतली. अशा माणसाने परतल्यावर सूट चढवला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. गांधी टोपी त्यांनी नाइलाजाने घातली नव्हती.

"म्हणजे मी खादी नेसावी, असं म्हणताय?"

"मुळीच नाही," काका जरा कडकपणे म्हणाले. "लोकांना कसं दिसेल हे बघून नेसलेली खादी म्हणजे या फाइलमधलंच आणखी एक पान. विश्वेश्वरय्या बघ. मुद्देनहळ्ळीचे, म्हणजे याच मुलखातले. होसूर आणि मुद्देनहळ्ळी, दोन्ही गावं आज चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात येतात. दोघंही बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकलेले. विश्वेश्वरय्या नंतर पुण्याला इंजिनिअर झाले. ते म्हैसूर संस्थानाचे दिवाण असताना १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ निघालं. त्यांचा पोशाख म्हणजे सूट, टाय आणि म्हैसुरी फेटा. म्हातारपणीसुद्धा तोच टापटिपीचा. एकाची खादी, एकाचा सूट. पण समोर कोण बसलंय ते बघून दोघांपैकी कुणी कपाट उघडत नसे."

बाई म्हणाल्या, "त्यांचा काळ निराळा होता, काका. आज फोटो आधी पोचतो, माणूस मागून."

"तेव्हाही लोक वेषाला भुलायचेच की! म्हणून तर एचेननी, म्हणजे नरसिंहय्यांनी, १९७६ मध्ये कुलगुरू असतानाच चमत्कारांची शास्त्रीय तपासणी करणारी समिती नेमली. सत्यसाईबाबांना पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. एचेनचं म्हणणं एवढंच, की हवेतून अंगठी नको, बाहीत मावणार नाही असा भोपळा काढून दाखवा. दुसऱ्याच्या कफनीकडे बघून जो माणूस विश्वास ठेवत नव्हता, तो स्वतःच्या खादीकडे बघून तरी कुणाला विश्वास ठेवायला कसा सांगेल? प्रश्न विचारा, असंच आम्हाला सांगायचे. आणि आम्ही विचारायचो. गावाकडून आलेलं पोर कुलगुरूंसमोर उभं राहिलं की समोरचा माणूस त्याच्या आजोबांसारख्या धोतरात दिसायचा. तोंड उघडायला त्याला वेळ लागत नसे."

काकांनी फाइल परत केली. "यात तुझे कपडे आहेत. तुला भेटायला येणारं पोर काय घालून येणार, ते कुठं लिहिलंय?"

पदभाराच्या दिवशी बाईंनी साधी सुती साडी नेसली. प्रयोगशाळेत ॲप्रनखाली त्या नेहमी नेसत, तसलीच. कुलसचिव दारातच थांबले. "मॅडम, आज पत्रकार येणार आहेत. फाइलमध्ये ब्लेझर होता."

"फोटो याच साडीत निघू दे," असं म्हणून बाई पुढे निघाल्या आणि दाराशी थबकल्या. तिथे पाटी होती : कुलगुरूंच्या भेटीस येताना औपचारिक पोशाख आवश्यक. पाटीखाली रबरी चपला आणि विटका टी-शर्ट घातलेला एक मुलगा हातात अर्ज धरून उभा होता. सुरक्षारक्षक त्याला बूट घालून यायला सांगत होता.

"ही पाटी कुणी लावली?"

"जुना नियम आहे, मॅडम. काढायची तर ठराव करावा लागेल."

"मग आजच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या," बाई म्हणाल्या. स्वतः दार उघडून धरत त्यांनी मुलाला आत बोलावलं, समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या हातातला अर्ज घेतला. "हं, मेसच्या बिलाचं काय झालंय ते पहिल्यापासून सांग."