पळसाच्या पानांचा देह

माणूस परमुलखात गेला आणि बारा वर्षं त्याची काहीच खबर आली नाही, तर घरच्यांनी काय करावं, हे आपल्या धर्मशास्त्राने सांगून ठेवलं आहे. पळसाची ३६० पानं घ्यायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, हातापायांना, छातीला पानं वाटून द्यायची आणि त्या देहाला अग्नी द्यायचा. मग दहावं, बारावं, पिंड. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’त हा पालाशविधी आहे. तो माणूस पुढे खरोखरच दारात येऊन उभा राहिला, तर काय करायचं याचाही विचार शास्त्राने केला आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार नव्याने करायचे, त्याचं त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. हे वाचताना मला नेहमी वाटतं, ज्याने हा नियम घातला त्याने असं रिकामं दार पाहिलेलं असणार.

आमच्या घराण्यात हा विधी झाला होता. माझ्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ रामा रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून कामासाठी मुंबईला गेले, तिथून गलबतावर चढले आणि परत आले नाहीत. एवढंच आमच्यापर्यंत पोचलं. ते जिथे गेले त्या देशाला आजी मोरस म्हणायची. पितृपक्षात पितरांच्या खिरीत ती साखर पडू देत नसे, गूळच घालायची. ‘मोरस साखर नको,’ म्हणायची. कारण विचारलं की गप्प व्हायची. त्या काळी बाजारात येणाऱ्या साखरेला मोरस म्हणत, कारण ती मॉरिशसहून यायची. तो ऊस कोणी तोडला हे आमच्या घरात कोणाला तरी माहीत होतं, असं मला वाटतं.

वडील विद्यापीठात नोकरी लागली म्हणून औरंगाबादला आले, आणि मी इथलाच झालो. माझी सगळी नोकरी अभिलेख कक्षात गेली. फेरफार, वारसनोंदी, पिवळी पडलेली रजिस्टरं. सरकारी दप्तर हे माणसाच्या प्रेमापोटी लिहिलेलं नसतं, सारा वसूल व्हावा म्हणून लिहिलेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्याच दप्तरात पणजीचं नाव सापडल्यावर टेबलासमोर रडलेली माणसं मी पाहिली आहेत.

मॉरिशसचं दप्तरही तसंच. १८३४ च्या नोव्हेंबरात ‘ॲटलस’ जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. गुलामगिरी उठत आली होती आणि मळ्यांना हात हवे होते. मग कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा बंदरांतून माणसं जात राहिली, सुमारे साडेचार लाख. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. उतरल्यावर प्रत्येकाला नंबर मिळे. रजिस्टरात जहाज, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. उद्देश उघड होता, पळून गेलेला मजूर ओळखता यावा. पोर्ट लुईचा तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट. २००६ साली तो जागतिक वारसा झाला. ही रजिस्टरं आज मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत.

तिथल्या नोंदींच्या नकला एका परिचिताच्या मदतीने माझ्यापर्यंत आल्या. मुंबईहून गेलेले, जिल्हा रत्नागिरी, वय विशीतलं, नाव रामा: असे तीन निघाले. गावाच्या रकान्यात कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं. त्यांतल्या एकाचं गाव आमच्या गावाच्या जवळ जातं, दुसऱ्याच्या बापाचं नाव जुळतं, तिसऱ्याचं वय.

श्राद्धाला नाव लागतं, गोत्र लागतं, नातं लागतं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. म्हणजे अज्ञानाची सोय विधीतच आहे. तर्पणात शेवटी ज्यांना पाणी द्यायला कोणीच उरलं नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडतात. मग रामाचं नाव शोधायची गरज काय? ते पाणी त्याला मिळालंच असेल, असं माझ्या ओळखीचे एक भटजी मला समजावत होते. मनापासून बोलत होते. मला मात्र ते पुरेसं वाटत नाही. बेवारशांच्या ओंजळीत माणूस तेव्हाच घालावा, जेव्हा शोधायचं सगळं शोधून झालेलं असतं. आम्ही शोधलंच नव्हतं. पानांचा देह जाळून घरच्यांचं वाट पाहणं संपलं, आणि ते संपायलाच हवं होतं. त्याच्या बायकोने किती वर्षं दाराकडे बघायचं? पण त्या दिवशी तो तिकडे उसाच्या फडात जिवंत असेल, तर आम्ही जिवंत माणसाचं बारावं केलं, आणि त्याचं खरं मरण कधी झालं ते पुढे कोणी विचारलं नाही.

याचं खापर समुद्रावरच्या बंदीवर फोडणं सोपं आहे. बौधायनाने समुद्रप्रवास पातकांत धरला, मनुस्मृतीने समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंगतीतून वगळलं. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा समाज खवळला. विलायतेहून परतल्यावर टिळकांनीही प्रायश्चित्त घेतलं. पण त्यांच्यासाठी निदान वाद तरी झाला. पाच रुपयांवर गेलेल्या कुणब्याच्या, महाराच्या जहाजप्रवासावर कोणी शास्त्रार्थ केला नाही. त्यांना कोणी पापी ठरवलं नाही, तसं कोणी आठवलंही नाही. मला दुसरं जास्त मोठं पातक वाटतं.

आमच्या जिल्ह्यात पैठण आहे. तिथली नाथांची गोष्ट इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, वासाने वाटेवरचे भुकेले महार थांबले, आणि एकनाथांनी ते अन्न त्यांनाच वाढलं. ब्राह्मण रागावून आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले. माझ्या दृष्टीने या गोष्टीतला चमत्कार पितरांचा नाही. ज्यांचा अन्नावर हक्क नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, ते जेवले आणि तरी श्राद्ध पितरांना पोचलं, हे मोठं. तीन रामांपैकी माझा कोणता, हा प्रश्न मला इथे सुटला. तिघेही त्या धक्क्यावर उतरले, तिघांच्याही आया इकडे वाट पाहत राहिल्या असणार. एकच निवडून इतर दोघांना परके करायचा अधिकार मला कोणत्या नात्याने?

सर्वपित्री अमावस्येला पैठणच्या नागघाटावर बसून मी तिघांची नावं दिली. गुरुजींनी विचारलं, ‘तिघे सख्खे भाऊ का?’ मी म्हटलं, ‘ते मला ठाऊक नाही, गुरुजी. पण तिघांच्याही बापांची नावं आहेत माझ्याजवळ.’ त्यांनी थोडा विचार केला आणि बापांच्या नावांसकट संकल्प सांगितला. खिरीत गूळ होता.

आणखी एक गोष्ट या नोंदींनी माझ्या ध्यानात आणून दिली. रामा तिकडे राहिला असेल तर त्याची मुलंबाळं असतील. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि तिथल्या डोंगरातल्या तळ्याला लोक गंगा तलाव म्हणतात, १९७२ साली त्यात गंगेचं पाणी नेऊन मिसळलं आहे. तिथे कोणी पितरांना पाणी देत असेल तर त्यांच्या लेखी हरवलेले आम्ही आहोत. रामाच्या बापाचं नाव त्यांच्यापाशी असेल, धाकट्या भावाचं नसेल. ते नाव माझ्याकडे आहे. ज्याचं गाव आमच्या गावाच्या जवळ जातं त्याच्या लग्नाची आणि मृत्यूची नोंद मी आता मागवली आहे, आणि अर्जासोबत आमच्या सात पिढ्यांची वंशावळ जोडली आहे, धाकट्या भावापासून माझ्या नातीपर्यंत.