घड्याळ नसलेल्या कड्यावर

विदर्भातल्या सानगडी-साकोली-लाखनीच्या झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहणाऱ्याला गुण देऊन ठरवलेली स्पर्धा सहसा पटत नाही. जोडी सुटली, घड्याळ थांबले, वाद मिटला. त्यामुळे अमेरिकेतल्या युटा राज्यात २००१ साली सुरू झालेली रेड बुल रॅम्पेज ही सायकलस्पर्धा म्हणजे ‘पंचांच्या मर्जीचा खेळ’, हे बोलणे लगेच खरे वाटते. तिथे स्वार उभ्या कड्यावर आपली वाट आपणच खोदतात, उड्या घेत खाली येतात आणि पंच वाटेची अवघडता, उडीची उंची, ताबा, ओघ व कसरती पाहून शंभरपैकी गुण देतात. पण इथे घड्याळ लावले, तर सगळेच सर्वांत जवळची वाट धरतील आणि नवी वाट शोधण्याची कलाच मरेल. पटाच्याच रात्री झाडीपट्टीत नाटक रंगते. त्याची पारख कोणी सेकंदांत करत नाही. शिवाय मोजता येते म्हणून स्पर्धा सुरक्षित होत नाही. दहीहंडीचे थर लहान मूलही मोजते, तरी बक्षीस थरांवर ठरले की थर वाढत जातात.

मर्जीपेक्षा मला गुणांचा परिणाम जास्त छळतो. आज ज्या उडीला गुण मिळाले, ती पुढच्या वर्षी दुसरा कोणी आणखी उंच मारणार. रॅम्पेजमध्येच २०१५ साली पॉल बसागोइटिया हा स्वार पडला आणि त्याच्या मणक्याला गंभीर इजा झाली. तरीही धाडसाला पुरेपूर मोल मिळावे, असेच मन म्हणते. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने प्रोडुनोव्हा हा जोखमीचा व्हॉल्ट केला, १५.०६६ गुण मिळवले आणि कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले, तेव्हा साऱ्या देशाला हळहळ वाटली. पुढे २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या बीमवरून उतरण्याच्या नव्या उडीला अपेक्षेपेक्षा कमी मोल दिले. इतरांनी ती करायला जाऊन जीव धोक्यात घालू नये, हे कारण दिले. बाइल्सवर तो अन्यायच होता, कारण तिला ती उडी पेलत होती. पण जिला पेलणार नाही, अशी एखादी मुलगीही महासंघाचे गुणकोष्टक वाचत असते. तिचा विचार केला की महासंघाची बाजू नाकारता येत नाही.

म्हणून रॅम्पेजच्या पंचांनी उंचीच्या गुणांना कमाल मर्यादा घालावी, वाट आणि ताबा यांचे गुण मोकळे ठेवावेत आणि प्रत्येक निकषाचे गुण वेगवेगळे जाहीर करावेत. असा लगाम घड्याळाला घालता येणार नाही. पंचच तो घालू शकतात.