वादळ कुठं वळलं?

जालन्यापासून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. वळवाच्या वाऱ्यानं आमचे पत्रे उडतात, गारपिटीनं पिकं झोपतात. पण चक्रीवादळ आम्हाला भेटतं ते टीव्हीवरच. तरी 3 जून 2020 रोजी आमच्या गल्लीतल्या मावशींनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. धाकटा लेक मुंबईत, पत्र्याच्या खोलीत. 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ धडकणार, मुंबईला धोका, असं दोन दिवस कानावर आदळत होतं. त्यात कोरोनाची टाळेबंदी, जावं म्हटलं तर एसटी नाही. लेकाच्या मोबाइलचं चार्जिंग संपेल म्हणून मावशी फोन लावत नव्हत्या, आणि स्वतःचा हातातून खाली ठेवतही नव्हत्या.

दुपार कलल्यावर त्याचाच फोन आला. "माय, वादळ वळलं."

मावशींनी देवापुढं साखर ठेवली आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट दिली. मीही खाल्ली. गोड लागली.

वळलं म्हणजे गेलं कुठं, हा प्रश्न मला रात्री पडला. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं होतं. म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या भागाला त्यानं झोडपलं. तिकडचे फोन बंद होते. म्हणजे तिथल्या लेकरांच्या माया अजून हातात फोन धरून बसलेल्याच होत्या. इडापिडा टळो म्हणताना ती कुणाच्या दारी जावी, हे आपण बोलत नाही. मावशींनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आईनं आधी आपलं लेकरू पाहावं, यात कसलं आलंय पाप? मला खोट दिसते ती साखरेनंतरची. टीव्ही बंद झाला. दुसऱ्या दिवशी गल्लीत कोकणाचं नाव कुणी काढलं नाही. मीसुद्धा नाही.

खरं तर कोकणाच्या बागा गेल्या, ते दुःख जालनेकरांना सांगावं लागू नये. 2012 च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. टँकरनं पाणी घालून जगवलेली झाडं शेतकऱ्यांनी शेवटी स्वतःच्याच हातानं तोडली. आमची बाग महिनोन्महिने डोळ्यांदेखत सुकत गेली, कोकणातली काही तासांत आडवी झाली, फरक एवढाच. श्रीवर्धनची सुपारी रोठा म्हणून नावाजलेली. सुपारीचं झाड फळावर यायला पाच-सात वर्षं जातात, नारळाचंही तसंच. बाप लावतो, पोरगा खातो.

सरकारनं फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले. पण कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात. हेक्टरच्या हिशेबात तिच्या हाती काय पडणार? ओरड झाली, तेव्हा झाडामागं मदत ठरली. नारळाला 250 रुपये. सुपारीला 50.