खरे बोलणारा प्राध्यापक



शाळेत विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना विचारा, प्राण्यांचे शरीर कशाचे बनलेले असते? ती चटकन सांगतील, ‘पेशींचे.’ वनस्पतींविषयी हे मथियास श्लायडेन यांनी १८३८ साली मांडले. प्राण्यांनाही तेच लागू आहे, हे १८३९ साली थिओडोर श्वान यांनी दाखवले. आडनाव ऐकून मुले वर्गात हसतात, पण ते जर्मन आहे. परीक्षेला एवढी माहिती पुरते. प्रा. श्वान हे श्रद्धावंत कॅथलिक होते आणि त्यांनी सुमारे चाळीस वर्षे विद्यार्थी घडवण्यात घालवली, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसते. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

त्यांचा जन्म ७ डिसेंबर १८१० रोजी नॉइस या गावी झाला. तरुणपणी बर्लिनमध्ये काम करताना त्यांनी जठरातील अन्न पचवणारे पेप्सिन शोधले. यीस्ट हे जिवंत असते आणि साखरेचे मद्य तेच करते, हेही त्यांनी प्रयोगांनी दाखवले. त्या काळच्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी या शोधाची छापील टिंगल केली. पुढे लुई पाश्चर यांच्या संशोधनाने प्रा. श्वान यांचेच म्हणणे खरे ठरले.

१८३९ मध्ये ते बेल्जियममधील लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८४८ मध्ये लिएज येथे गेले. त्यांचे सर्वांत गाजलेले शोध तोवर लागून गेले होते. जगाच्या हिशेबाने ही उतरण म्हणायची. पण दरवर्षी नवे विद्यार्थी समोर बसत होते आणि त्यांना शरीराची रचना व कार्य नीट समजावून सांगणे हेच त्यांचे काम होते. लिएजच्या परिसरात कोळशाच्या खाणी होत्या. विषारी वायूने भरलेल्या खाणीत उतरून अडकलेल्यांना वाचवता यावे, यासाठी त्यांनी श्वसनाचे उपकरणही तयार केले. विद्या शेजाऱ्याच्या उपयोगी पडली, की तीच शेजारप्रीती होते.

मात्र त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी वेगळ्याच ठिकाणी लागली. बेल्जियममधील एका खेड्यात लुईज लातो नावाची तरुणी राहत होती. १८६८ पासून दर शुक्रवारी तिच्या शरीरावर प्रभूच्या जखमांसारख्या खुणा उमटून रक्त वाहते, असे सांगितले जाऊ लागले. १८६९ साली प्रा. श्वान यांना तिला पाहण्यासाठी बोलावण्यात आले. कॅथलिक माणूस, त्यात जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ! त्यांनी चमत्कार मान्य केल्याची बातमी पसरायला वेळ लागला नाही. गप्प बसणे सोपे होते. आपल्याच लोकांना आनंद झाला असता. पण त्यांनी ती बातमी नाकारली आणि १८७५ मध्ये आपले मत पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. जे पाहिले त्यावरून चमत्कार सिद्ध झाला असे आपण म्हणू शकत नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांना स्वधर्मीयांचेच बोल ऐकावे लागले.

बंधुभगिनींनो, त्यांची श्रद्धा कमी पडली का? आम्हाला वाटते, ती पुरेपूर होती. संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही सेमिनरीत शिकलो, की बुद्धी आणि श्रद्धा दोन्ही एकाच देवाकडून येतात, म्हणून खरे ज्ञान खऱ्या श्रद्धेच्या आड येऊ शकत नाही. ज्याला हे पटले आहे, त्याला देवाच्या बाजूने वाढवून बोलण्याची गरज पडत नाही. देवाला आपल्या खोट्या साक्षीचा टेकू लागत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आपल्याला शपथेवाचून खरे बोलायला शिकवतो, ते याचसाठी.

आज आपल्या मोबाईलवर चमत्काराचे संदेश येतात. कुठे मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू, तर कुठे दहा जणांना पाठवा म्हणजे कृपा मिळेल. पुढे पाठवण्यापूर्वी आपण क्षणभर थांबतो का? ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणायला आपल्याला कमीपणा वाटतो का? ख्रिस्तसभा स्वतः चमत्काराच्या बाबतीत घाई करत नाही, चौकशी करते. मग आपणच उतावीळ का व्हावे?

आपल्या धर्मग्रामातील शिक्षकांना आणि आईवडिलांना आमचे विशेष सांगणे आहे. मूल अवघड प्रश्न विचारते, तेव्हा त्याला दटावून गप्प करू नका. माहीत असेल ते सांगा, माहीत नसेल तर तसे सांगा आणि त्याच्यासोबत शोधा. घरात मोठी माणसे खरे बोलतात हे मुलाने पाहिले, तर ती देवाविषयी बोलतात तेव्हाही ते विश्वास ठेवील.

११ जानेवारी १८८२ रोजी कोलोन येथे प्रा. श्वान देवाघरी गेले. अगदी लहानशा पेशीतही निर्मात्याची करणी पाहण्याची दृष्टी आणि पाहिले तेवढेच सांगण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू